विश्लेषण : आरोग्य नोंदी जोडल्या तर संशोधनाला काय मिळते? रुग्णाच्या गोपनीयतेचे काय होते?

समजा, सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारी पन्नाशीची महिला मधुमेहाच्या गोळ्या गावातील डॉक्टरांकडून घेते. रक्ततपासणी तालुक्याच्या खासगी लॅबमध्ये होते. हृदयविकाराचा झटका आल्यावर तिला पुण्यात दाखल केले जाते, खर्च सरकारी योजनेतून होतो. पुढे तिचे निधन झाले, तर त्याची नोंद ग्रामपंचायतीत होते. पाच ठिकाणी पाच कागद. पण त्या पाचही नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत, हे कोणत्याही यंत्रणेला ठाऊक नसते. या गोळ्यांनी हृदयविकार टळतो का, या प्रश्नाचे उत्तर मात्र हे पाच कागद एकत्र आल्याशिवाय मिळत नाही. डेन्मार्कने ही जोडणी पन्नास वर्षांपूर्वीच सुरू केली, इंग्लंडला ती करताना लोकांच्या रोषाला तोंड द्यावे लागले आणि भारत आता ‘आभा’ क्रमांकाच्या आधारे त्या वाटेवर आहे. त्यामुळे ही जोडणी कशी होते, तिचा उपयोग काय आणि धोका कुठे आहे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

नोंदींची जोडणी म्हणजे काय?

वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या कारणांसाठी केलेल्या नोंदींपैकी एकाच व्यक्तीच्या नोंदी ओळखून त्या एकत्र आणणे, म्हणजे नोंदींची जोडणी. इंग्रजीतील ‘रेकॉर्ड लिंकेज’ ही संज्ञा या अर्थाने अमेरिकेतील सांख्यिकीतज्ज्ञ हॅल्बर्ट डन यांनी १९४६ मध्ये मांडली. जन्मापासून मृत्यूपर्यंत प्रत्येकाच्या आयुष्याचे एक पुस्तक तयार होत असते, त्याची पाने मात्र निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेली असतात. ती एकत्र बांधायला हवीत, अशी त्यांची कल्पना होती. १९५९ मध्ये कॅनडात हॉवर्ड न्यूकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम संगणकावर करून दाखवले. १९६९ मध्ये इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी त्यामागचे गणित मांडले. आजही जगभरातील बहुतेक जोडणी याच गणिताच्या पायावर होते.

यातील महत्त्वाचा मुद्दा असा, की या नोंदी मुळात संशोधनासाठी केलेल्याच नसतात. डॉक्टर उपचारासाठी लिहितो, रुग्णालय बिलासाठी, विमा कंपनी दाव्यासाठी, पालिका दाखल्यासाठी. संशोधनासाठी नव्याने लाखो लोकांना गाठून वर्षानुवर्षे माहिती घ्यायची, तर खर्च प्रचंड येतो आणि उत्तर मिळेपर्यंत दशके उलटतात. जोडणीमुळे आधीच लिहून ठेवलेल्या माहितीचा दुसरा उपयोग होतो.

एकट्या नोंदीतून न मिळणारे कोणते उत्तर जोडणीतून मिळते?

गोवर, गालगुंड आणि रुबेला यांविरुद्धच्या एमएमआर लशीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवर आधारित एक लेख प्रसिद्ध झाला. या लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझम) संबंध असावा, असा संशय त्यातून पसरला आणि अनेक देशांत पालकांनी मुलांचे लसीकरण थांबवले. हा लेख नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. पण तोपर्यंत पालकांच्या भीतीला उत्तर द्यायचे कसे?

ते उत्तर डेन्मार्कच्या नोंदींत तयार होते. या देशात १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला एक व्यक्तिगत क्रमांक मिळतो. लस टोचल्याची माहिती कळवल्यावर तेथील डॉक्टरांना मोबदला मिळतो, म्हणून लसीकरणाची नोंद ठेवली जात होती. स्वमग्नतेचे निदान मानसोपचार नोंदवहीत होत होते. दोन्हीकडे क्रमांक एकच. संशोधकांनी १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांच्या या नोंदी जोडल्या. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले नाही. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदींवरून हाच निष्कर्ष पुन्हा निघाला. १२ मुलांवरून उठलेल्या भीतीला साडेअकरा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींनी उत्तर दिले आणि त्यासाठी एकाही मुलाला नव्याने सुई टोचावी लागली नाही.

सर्वांचा एकच क्रमांक नसेल तर जुळणी कशी होते?

क्रमांक नसतो तिथे नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता अशा तपशिलांवरून अंदाज बांधावा लागतो. प्रत्येक तपशिलाचे वजन वेगळे असते. दोन्ही नोंदींत ‘स्त्री’ लिहिले आहे, एवढ्याने फारसे काही सिद्ध होत नाही, कारण निम्मी लोकसंख्या स्त्रियांचीच आहे. आडनाव ‘पाटील’ जुळले तरी महाराष्ट्रात त्याचे मोल थोडेच. पण एखादे दुर्मीळ आडनाव आणि पूर्ण जन्मतारीख दोन्ही जुळले, तर व्यक्ती एकच असण्याची शक्यता खूप वाढते. संगणक अशा वजनांची बेरीज करतो. बेरीज ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर जुळणी मान्य, फार खाली राहिली तर अमान्य आणि अधल्यामधल्या नोंदी माणसाने तपासायच्या, अशी ही पद्धत आहे.

आपल्याकडे या पद्धतीपुढे खास अडचणी येतात. ‘चव्हाण’ हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते, काही घरांत पहिले नावही बदलते. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांच्या नावापुढे शाळेत गुरुजींनी १ जून लिहून टाकल्याने आज पन्नाशी-साठीच्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. जुळणीच्या दृष्टीने अशा तारखेला काहीच वजन उरत नाही. रुग्णालयाच्या केसपेपरवर तर अनेकदा तारीख नसतेच. ‘वय अंदाजे ५५’ एवढेच असते.

जुळणी चुकली तर बिघडते काय?

चूक दोन प्रकारची असते. दोन वेगळ्या व्यक्तींच्या नोंदी एक मानल्या जाणे ही पहिली, एकाच व्यक्तीच्या नोंदी वेगळ्या राहून जाणे ही दुसरी. संशोधनात दुसरी चूक अधिक फसवी ठरते. एखाद्या रुग्णाची रुग्णालयातील नोंद त्याच्या मृत्यूच्या नोंदीशी जुळली नाही, तर तो हिशेबात जिवंतच राहतो. मग उपचार आहे त्यापेक्षा गुणकारी वाटू लागतो.

त्यातही ही चूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. इंग्लंडमधील रुग्णालय नोंदींच्या अभ्यासांत अल्पसंख्य वंशगटांतील रुग्णांची जुळणी सुटण्याचे प्रमाण अधिक दिसले आहे. वारंवार पत्ता बदलणारे, नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहिले जाणारे, कागदपत्रे अपुरी असणारे लोक आधी गळतात. महाराष्ट्रात याचा अर्थ ऊसतोड मजूर, स्थलांतरित बांधकाम कामगार, लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रिया असा होऊ शकतो. ज्यांच्या आरोग्याची माहिती सर्वांत कमी, तेच जोडणीतूनही निसटण्याचा धोका असतो. म्हणूनच किती नोंदी जुळल्या, याबरोबरच कोणाच्या जुळल्या नाहीत, हे सांगणे चांगल्या अभ्यासाचे लक्षण मानले जाते.

नाव काढून टाकले की ओळख पुसली जाते का?

नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हे स्पष्ट झाले. राज्य कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नाव आणि पत्ता वगळून संशोधनासाठी उपलब्ध करून देण्यात आल्या होत्या. मात्र त्यांत जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिपकोड तसाच होता. लतान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार शहरात सहाच होते. त्यांपैकी तिघे पुरुष आणि वेल्ड यांच्या झिपकोडमध्ये राहणारा एकच. अशा रीतीने गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद हाती आली. अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक केवळ जन्मतारीख, लिंग आणि झिपकोड यांवरून वेगळे ओळखता येऊ शकतात, असा अंदाज स्वीनी यांनी पुढे मांडला.

येथे जोडणीचा मूळ पेच दिसतो. जितक्या अधिक नोंदी जोडाव्यात, तितके संशोधन सकस होते. पण तितकीच त्या व्यक्तीची ओळख पटवणेही सोपे होते. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात, मानसोपचार यांच्या नोंदी उघड झाल्या तर नोकरी, लग्न, विमा आणि गावातील पत यांवर परिणाम होतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, आजाराचा इतिहास बदलता येत नाही.

इंग्लंडमध्ये काय बिनसले?

इंग्लंडकडे सर्व काही होते. तेथे सरकारी आरोग्य सेवा (एनएचएस) आहे, प्रत्येक रुग्णाला दहा अंकी क्रमांक आहे आणि फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी संगणकावर आहेत. या नोंदी मध्यवर्ती ठिकाणी आणून रुग्णालयांच्या नोंदींशी जोडण्यासाठी ‘केअर डॉट डेटा’ हा कार्यक्रम आखण्यात आला. २०१४ च्या सुरुवातीला सुमारे २ कोटी ६५ लाख घरांत माहितीपत्रक टाकण्यात आले. पण त्यात नकार कळवण्याचा अर्जच नव्हता. नको असेल तर डॉक्टरांना जाऊन सांगा, असा मामला होता. माहिती कोणाला, कशासाठी मिळणार, हेही लोकांना नीट समजले नाही. त्याच सुमारास रुग्णालयांची जुनी माहिती विमा क्षेत्रातील ॲक्च्युअरींच्या संस्थेपर्यंत पोहोचल्याचे वृत्त आले आणि संताप वाढला. कार्यक्रम फेब्रुवारी २०१४ मध्ये थांबवावा लागला आणि जुलै २०१६ मध्ये कायमचा बंद झाला.

सरकारने २०२१ मध्ये फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी गोळा करण्याची नवी योजना आणली, तेव्हा तोच अनुभव आला. काही आठवड्यांत दहा लाखांहून अधिक लोकांनी आपली माहिती वगळण्यास सांगितले. योजना आधी लांबणीवर पडली, मग बेमुदत थांबली. यात संशोधनाचेही नुकसान आहे. ठरावीक वर्गातील लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले, की उरलेल्या नोंदी सर्व समाजाचे चित्र दाखवत नाहीत. विश्वास गमावण्याची किंमत शेवटी आकडेवारीलाच मोजावी लागते.

मग तोडगा काय निघाला?

एक तोडगा कामाच्या विभागणीचा आहे. वेल्समधील स्वान्सी विद्यापीठाच्या ‘सेल’ या माहितीपेढीत नोंदीचे दोन तुकडे केले जातात. नाव-पत्त्याचा भाग एका त्रयस्थ आरोग्य संस्थेकडे जातो, आजाराचा भाग माहितीपेढीकडे. त्रयस्थ संस्था नाव काढून त्या जागी एक निरर्थक क्रमांक देते. त्यामुळे ज्याला नाव कळते त्याला आजार कळत नाही आणि ज्याला आजार कळतो त्याला नाव कळत नाही.

दुसरा तोडगा करोनाकाळात पुढे आला. ऑक्सफर्ड विद्यापीठातील बेन गोल्डेकर यांच्या गटाने लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिन आणि डॉक्टरांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कंपन्यांसह ‘ओपनसेफली’ ही यंत्रणा उभारली. तिच्यात नोंदी संशोधकाकडे जात नाहीत. संशोधकाचा प्रश्न नोंदींकडे जातो. संशोधक बनावट माहितीवर आपला प्रोग्राम लिहून तपासतो. तो प्रोग्राम खऱ्या नोंदी जिथे मुळातच साठवल्या आहेत, तिथे चालवला जातो आणि फक्त बेरजेचे तक्ते, तेही तपासणीनंतर, बाहेर येतात. कोणी कोणता प्रोग्राम चालवला, याची नोंद सर्वांना पाहता येते.

या पद्धतीने १,७२,७८,३९२ प्रौढांच्या नोंदी कोविडने झालेल्या १०,९२६ मृत्यूंशी जोडण्यात आल्या आणि जुलै २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वय, पुरुष असणे, गरिबी, अनियंत्रित मधुमेह यांमुळे धोका वाढत असल्याचे त्यात दिसले. इतर कारणे वजा केल्यावरही दक्षिण आशियाई आणि कृष्णवर्णीयांतील धोका गोऱ्यांच्या जवळपास दीडपट राहिला. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीयांसाठी हा निष्कर्ष थेट जिव्हाळ्याचा होता. हे खरे, की महासाथीच्या आणीबाणीत यासाठी प्रत्येकाची वेगळी संमती घेतली गेली नव्हती. मात्र २०२१ मध्ये सामान्य नागरिकांच्या तीन पंचमंडळांपुढे करोनाकाळातील माहिती वापराच्या योजना ठेवल्या गेल्या, तेव्हा सर्वाधिक पसंती याच यंत्रणेला मिळाली. काय चालले आहे ते दिसत असेल, तर लोक संशोधनाला विरोध करत नाहीत, हा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात अशी जोडणी होते का?

होते आणि तीही साठ वर्षांपासून. मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण भागातील पहिली अशी नोंदणी सुरू झाली. बार्शीसह परांडा आणि भूम तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत आली. एकाच रुग्णाची नोंद बायोप्सीच्या लॅबमध्ये, शस्त्रक्रियेच्या रुग्णालयात आणि रेडिएशनच्या केंद्रात होते. त्या जुळवल्या नाहीत, तर एक रुग्ण तीनदा मोजला जातो. म्हणून कर्मचारी रुग्णालये, लॅब आणि मृत्यू नोंदणीची दफ्तरे पालथी घालतात, नाव-वय-पत्ता ताडून पाहतात. बार्शी परिसरात तर त्यांनी गावोगावी जाऊन लोकांशी संपर्क ठेवला. एखाद्या भागात कोणता कर्करोग वाढतो आहे आणि निदानानंतर किती जण पाच वर्षे जगतात, हे अशा जुळवणीतूनच समजते.

मात्र एक मोठा दुवा कच्चा आहे. देशात २०२० मध्ये नोंदवल्या गेलेल्या मृत्यूंपैकी एक चतुर्थांशाहूनही कमी मृत्यूंना वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र होते. मृत्यूचे कारणच लिहिलेले नसेल, तर जोडणी कितीही अचूक झाली तरी उत्तर अपुरे राहते.

‘आभा’मुळे काय बदलेल?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाले. त्यातील ‘आभा’ हा १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक ऐच्छिक आहे आणि तो ७० कोटींहून अधिक लोकांनी काढला आहे. या रचनेत सर्व नोंदी एका मध्यवर्ती कोठारात जात नाहीत. त्या ज्या रुग्णालयात किंवा लॅबमध्ये तयार झाल्या तिथेच राहतात आणि रुग्णाने मोबाइलवर संमती दिल्यावर दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. इंग्लंडने ठेचा खाऊन जे शिकले, त्यातील काही भाग येथे सुरुवातीपासून आहे.

पण ही संमती मुख्यतः उपचारासाठी आहे. संशोधनासाठी ओळख काढलेली, एकत्रित स्वरूपातील माहिती देता येईल, अशी तरतूद २०२० च्या आरोग्य माहिती व्यवस्थापन धोरणात आहे. ओळख काढली म्हणजे ती कायमची पुसली असे नाही, हे मॅसॅच्युसेट्सच्या उदाहरणातून दिसलेच आहे. शिवाय खाते क्रमांक निघणे आणि त्याला नोंदी जोडल्या जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावातील डॉक्टर कागदावरच चिठ्ठी लिहीत असेल, तर जोडायला नोंद असणारच नाही.

कायदा काय सांगतो?

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. संशोधन, अभिलेख किंवा सांख्यिकी यांसाठी आवश्यक वापराला या कायद्याने सवलत दिली आहे. त्या माहितीवरून कोणा एका व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची, अशा त्याच्या अटी आहेत. आधीच्या मसुद्यांत आरोग्यविषयक माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा होता. अंतिम कायद्यात तो नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानवी सहभाग असलेल्या संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी लागते. ओळख काढलेल्या जुन्या नोंदींवरील अभ्यासाला ही समिती संमतीच्या अटीतून सूट देऊ शकते.

म्हणजे रुग्णाला प्रत्येक वेळी विचारले जाईलच, असे नाही. अशा वेळी संरक्षण उरते ते यंत्रणेच्या पारदर्शकतेचे. माहिती कोणी मागितली, कशासाठी, तिचा वापर कुठे बसून झाला, निष्कर्ष काय निघाला आणि नको असेल तर नकार कुठे द्यायचा, या पाच प्रश्नांची उत्तरे सामान्य माणसाला त्याच्या भाषेत मिळायला हवीत. साताऱ्यातील त्या महिलेचे पाच कागद एकत्र आले, तर तिच्यासारख्या हजारो जणींना योग्य गोळी वेळेवर मिळू शकेल. मात्र त्यासाठी ते कागद आपल्याच विरोधात वापरले जाणार नाहीत, याची खात्री तिला आधी वाटायला हवी.